रिळापेक्षा अर्धी छटा गडद

"आधी काही आजार?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

गेल्या अकरा दिवसांत हा प्रश्न मला पाचव्यांदा विचारला जात होता, त्यातला तिसऱ्यांदा याच मुलीकडून, हाडांच्या दवाखान्यातल्या याच काउंटरवर. पहिल्या वेळी मी सगळं सविस्तर सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी थोडक्यात. या वेळी मी पिशवीतून वही काढली आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

"यात सगळं आहे. दोन वर्षांचं, रोजचं."

तिने वही उघडली नाही. बोटाने जरा बाजूला सारली, चहाचा कप ठेवायला बरी पडेल अशा बेताने. "काकू, थोडक्यात सांगा ना. इथे एकच ओळ भरायला आहे."

एका ओळीत मावेल असं ते प्रकरण नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या बटणच्या शरीराला अचानक वाटायला लागलं की आपल्याच रक्तातल्या लाल पेशी परक्या आहेत, आणि त्याने त्या फोडायला घेतल्या. का, ते कुणालाच सापडलं नाही. अठरा किलोचा धडधाकट कुत्रा चार दिवसांत पायपुसण्यासारखा पडून राहिला. हिरड्या पांढऱ्या पडल्या, झिजलेल्या साबणासारख्या. दुसऱ्या एका कुत्र्याचं रक्त चढवलं, मग स्टेरॉइड, मग आणखी एक औषध, जे मी हातमोजे घालून द्यायचे. सात महिने तो अधाशासारखा खात होता, बादलीभर पाणी पीत होता आणि दर दोन तासांनी दारापाशी जाऊन उभा राहत होता. गोळ्या कमी करत करत आता एक दिवसाआड अर्धीवर आलो आहोत. त्या अर्ध्या गोळीवर आमचं घर उभं आहे.

"रक्ताचा आजार होता," मी म्हटलं. "स्टेरॉइड चालू आहे."

"स्टेरॉइड चालू आहे?" मुलीने मान वर केली. "हे आधी सांगायला हवं होतं, काकू."

मी वही परत पिशवीत टाकली. माझ्या पायाशी बटण तीन पायांवर उभा होता. मागचा डावा पाय नुसता बोटांवर टेकवलेला, गरम फरशीवर ठेवावा तसा.

ज्या दिवशी घरी आला त्याच दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळलं, म्हणून बटण. मी कपडे दुरुस्त करते. नवे शिवत नाही. चेन बदलणे, कंबर सोडणे, बाही आखूड करणे, पडद्याला अस्तर लावणे, असली कामं. कुणाकडे शिकले नाही, लोकांचं शिवलेलं उसवून उसवून कळत गेलं. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, इस्त्रीचं टेबल आणि खिडकीखाली गिऱ्हाइकांसाठी बाक. गिऱ्हाईक नसलं की बाक बटणचा.

त्या बाकावरूनच तो पडला. पडला म्हणजे झेपावला. आमच्या ह्यांना एक सवय. संध्याकाळी कामावरून येताना कोपऱ्याच्या वळणावर स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजवायचा. कशासाठी, तर त्याला कळावं म्हणून. आणि त्याला कळायचंच. बाकावरून उडी, गुळगुळीत फरशी, दार. सात वर्षं हा खेळ चालला. अकरा दिवसांपूर्वी उडी मारताना तो मध्येच एकदा ओरडला आणि दारापर्यंत तीन पायांवर गेला. शेपूट मात्र हलतच होतं.

"तुमच्या हॉर्नने मोडला त्याचा पाय," मी ह्यांना म्हटलं. रागात म्हटलं. हॉर्न दुसऱ्या दिवसापासून बंद झाला. वर रोज दहा-पंधरा मिनिटं उशीर व्हायला लागला. रुसले असतील, म्हटलं रुसू देत. मला रुसायलाही सवड नव्हती.

पाय मोडला नव्हता. गुडघ्याच्या आतला बंध तुटला होता. हाडांच्या डॉक्टरांनी पाय पुढेमागे हलवून दाखवला. गुडघा सैल झालेल्या ड्रॉवरसारखा सरकत होता. हे डॉक्टर तरुण, पायात पळायचे बूट, बोलणंही पळतच. पहिल्याच दिवशी त्यांनी सूज उतरायची गोळी लिहून दिली.

"डॉक्टर, ही स्टेरॉइडबरोबर चालते का?"

"स्टेरॉइड कुठे चालू आहे?"

"तुमच्या हातातल्या कागदावर आहे. दुसरी ओळ."

त्यांनी दुसरी ओळ वाचली. "मग नाही चालणार. पोटात रक्तस्राव होऊ शकतो." आणि मलाच ओरडल्यासारखं, "बरं झालं बोललात."

मग त्यांनी दुसऱ्या जातीची एक गोळी दिली, जिने दुखणं थोडं कमी होत होतं आणि झोप फार येत होती. "रक्ताच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या," ते म्हणाले.

रक्ताच्या डॉक्टर गावाच्या दुसऱ्या टोकाला. वयाने माझ्याएवढ्या, चष्मा डोक्यावर, आणि तोच शोधत असतात. त्यांनीच बटणला वाचवलं, त्यामुळे त्यांच्यावर मला चिडता येत नाही, आणि हे फार गैरसोयीचं आहे. "गुडघा माझा विषय नाही," त्या फोनवर म्हणाल्या. "पण ती सुजेची गोळी नको. ते दुसरं इंजेक्शनही नको. नवं काहीही द्यायच्या आधी मला विचारा."

"मग द्यायचं काय?"

"विश्रांती."

अशी चार दिवस माझी इकडून तिकडे टोलवाटोलवी झाली. हाडवाले म्हणत, रक्तवाल्यांना विचारा; रक्तवाल्या म्हणत, हाडवाल्यांना. मी मध्ये वही घेऊन उभी. त्या दोघांनी एकदा एकमेकांना फोन केला असता तर पाच मिनिटांत झालं असतं, पण ती पाच मिनिटं त्यांच्याकडे नव्हती. माझ्याकडे मात्र दिवस पडला होता, असं त्या सगळ्यांचं एकमत दिसलं.

शेवटी ठरलं ते असं. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं. केलं नाही तर तो गुडघा झिजत जाणार आणि सगळा भार घेऊन उजवाही तुटणार. स्टेरॉइडने बंध आधीच कमजोर झालेले असतात म्हणे. पण ऑपरेशन होणार ते रक्त जागेवर असेल तरच. रक्त उतरायला लागलं, तर गोळ्या वाढवाव्या लागणार. गोळ्या वाढल्या, की जखम भरणार नाही, आणि मग ऑपरेशन विसरायचं. गेल्या आठवड्यात रक्तातल्या लाल पेशींचा आकडा एकेचाळीस आला होता. छान आकडा. गुरुवारी सकाळी नऊची वेळ मिळाली.

"म्हणजे नेमकं काय करणार तुम्ही?" मी हाडवाल्या डॉक्टरांना विचारलं.

"बाहेरून एक मजबूत नायलॉनचा दोरा घालून गुडघा बांधणार."

"म्हणजे टाकाच घालणार."

"टाकाच म्हणा."

"दोरा कुठल्या नंबरचा?"

आधी ते हसले. मग मी खरंच विचारते आहे हे कळल्यावर त्यांनी मला पाकीट दाखवलं. दोरा चांगला होता.

*

आता रिळाचं सांगायला हवं.

आजारपणातून उठल्यावर रक्ताच्या डॉक्टरांनी बटणचा वरचा ओठ उचलून मला दाखवलं होतं, "हा रंग लक्षात ठेवा. फिका वाटला की लगेच फोन." रंग लक्षात ठेवणं म्हणजे काय, हे माझ्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. रंग लक्षात राहत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "असाच निळा आहे, मला पक्का आठवतोय," आणि कापड आणतं ते हिरवं. म्हणून घरी येऊन मी दोऱ्यांचा डबा उघडला, अकरा गुलाबी रिळं एकेक करून त्याच्या हिरडीला लावली, आणि तीनशे सतरा नंबरचं बरोबर जुळलं. ते रीळ मी खिडकीच्या चौकटीत, मशीनच्या वर, खिळ्यावर लावून ठेवलं. खिडकीत, कारण रंग कधीही दिवसाच्याच उजेडात बघायचा.

तेव्हापासून रोज सकाळी ओठ वर, रीळ शेजारी, आणि वहीत नोंद. सुरुवातीचं सव्वा वर्ष बहुतेक एकच शब्द आहे, "रिळाइतका". गेल्या आठ महिन्यांत मात्र "रिळापेक्षा अर्धी छटा गडद". पहिल्यांदा ते लिहिलं त्या दिवशी मी ह्यांना बोलावून दाखवलं होतं. सुधारणा होत होती. माझी भोपळ्याची लापशी लागू पडली, असं मला वाटत होतं, आणि ते मी दोन-तीन जणांना बोलूनही दाखवलं.

बुधवारी संध्याकाळी सगळं घर चिडलेलं होतं. म्हणजे मी चिडले होते, बाकीचे माझ्यामुळे. बटणला मी मशीन आणि टेबल यांच्यामध्ये जुन्या पडद्याच्या दांड्या आडव्या लावून कोंडलं होतं. त्याला जिन्यावरून नेताना मागून उचलायला टॉवेलची झोळी केली होती, ती सारखी घसरत होती. मी एका गिऱ्हाइकाच्या चार पॅंटी घेऊन बसले होते, सकाळी द्यायच्या होत्या, कारण नंतर ऑपरेशन.

"ही झोळी नीट शिवून देऊ का गं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, पण हाताची शिलाई अजून माझ्यापेक्षा सरळ. "दोरा कुठला घेऊ?"

"घ्या हो कुठलाही," मी मशीनवरून मान न उचलता म्हटलं.

गुरुवारी सकाळी सव्वासातला बटणचा ओठ वर केला. रीळ लावलं.

रंग रिळाइतका होता. फक्त रिळाइतका.

मी त्याला खिडकीशी ओढत नेलं, झोळीसकट. पुन्हा पाहिलं. उजवीकडून, डावीकडून. आठ महिने अर्धी छटा गडद असलेली हिरडी आज बरोबर रिळावर आली होती. कालच्या एका रात्रीत अर्धी छटा. मागच्या वेळीही असंच, एका रात्रीत सुरू झालं होतं.

"काय गं?" सासूबाई म्हणाल्या.

"उतरलंय," मी म्हटलं. "रक्त उतरलंय."

हाडांच्या दवाखान्यात फोन केला. मुलगी म्हणाली, "थांबा हं." मग डॉक्टर. "मग इकडे आणूच नका," ते म्हणाले. "आधी रक्त बघून घ्या. त्यांचा कागद आल्याशिवाय मी भूल देणार नाही." बरोबरच होतं. माझ्याशी पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर वागत होतं, आणि नेमकं तेव्हाच मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

ह्यांना फोन केला. हे लिफ्ट दुरुस्त करतात. अर्ध्या दिवसाची रजा टाकून नऊ वाजता हाडांच्या दवाखान्यात पोचणार होते. "तिकडे येऊ का?" म्हणाले.

"येऊन काय करणार? रजा वाया नका घालवू. पुढे लागेल."

पुढे म्हणजे काय, ते ह्यांनी विचारलं नाही.

टॅक्सीत बटण आमच्या दोघींच्या मांडीवर आडवा, डोकं माझ्याकडे, झोळी सासूबाईंकडे. रात्रीपासून उपाशी ठेवलेलं, ऑपरेशनसाठी. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. "केस गळतात का त्याचे?"

"माझे जास्त गळतात," मी म्हटलं. त्याने आरसा सरळ केला.

*

रक्ताच्या डॉक्टरांनी पायातून रक्त घेतलं. ओठ वर करून पाहिला. "वीस मिनिटं लागतील," म्हणाल्या आणि आत गेल्या. आम्ही बाहेर पत्र्याच्या बाकावर बसलो. समोर एक माणूस पिंजऱ्यात पोपट घेऊन बसला होता. पोपट एकसारखा "कोण आहे" विचारत होता आणि माणूस प्रत्येक वेळी त्याला सांगत होता, "डॉक्टर आहेत."

मी मनात हिशेब मांडत होते. गोळी पुन्हा रोज पूर्ण. मग दोन. मग हातमोजे. गुडघा तसाच. जिना आम्ही दोघं मिळून उतरवू, उरलेलं सगळं आयुष्य उतरवू, त्याला काय. पण त्याला बाकावर चढता येणार नाही, आणि त्याला हे सांगणार कोण?

रीळ मी पर्समध्ये टाकून आणलं होतं, डॉक्टरांना दाखवायला. हाताला चाळा म्हणून ते काढलं. बटण झोळीवर डोकं ठेवून पडला होता. झोळीची कड वर वळलेली, तिच्यावर सासूबाईंचे टाके, मुंगीच्या रांगेसारखे एकसारखे. गुलाबी टाके.

मी रीळ टाक्यांशेजारी धरलं. सवयच ती.

टाके फिके होते. अर्धी छटा.

"आई," मी म्हटलं, "ही झोळी कुठल्या दोऱ्याने शिवलीत?"

"तूच म्हणालीस ना, घ्या कुठलाही. खिळ्यावरचं रीळ हाताशी होतं, ते घेतलं. परत जागच्या जागी लावलं हो."

"किती घेतलात?"

"दुहेरी घातला. दोन वेळा फिरवला सगळीकडून. अठरा किलो उचलायचंय त्याने." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "का? महागातला होता?"

मी रिळाचा दोरा नखाने सोडवला. वेढ्याखालचे वेढे गर्द, डब्यातल्यासारखे कोरे. वरचा थर, दोन वर्षं खिडकीत उन्हाकडे तोंड करून बसलेला, सासूबाईंनी अख्खा काढून झोळीत घातला होता. विटलेला तो होता. दिवसेंदिवस, थोडाथोडा. आठ महिने बटण सुधारत नव्हता. रीळ विटत होतं. आणि आज सकाळी कित्येक महिन्यांनी मी बटणची हिरडी खऱ्या रंगाशेजारी धरली होती.

आणि हे मला कळायला नको? खिडकीत राहिलेल्या रिळाचे वरचे वेढे मी कधी गिऱ्हाइकाच्या कपड्याला लावत नाही. उलगडून फेकून देते. गिऱ्हाइकाला ऐकवते सुद्धा.

डॉक्टर बाहेर आल्या, चष्मा डोक्यावर, हातात चिठ्ठी. "बेचाळीस. कमी कुठे झालंय? मागच्यापेक्षा एकाने जास्तच आहे. तुम्हाला काय दिसलं नक्की?"

मी सांगितलं. रीळ, खिळा, ऊन, झोळी. सांगताना ते जितकं मूर्खपणाचं वाटत होतं, त्याहून ऐकताना जास्त वाटलं असणार. पोपटवाला माणूसही ऐकत होता.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं रीळ हवंय. त्यांना वही हवी होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. उभ्या उभ्या त्यांनी पानं उलटली, चष्मा डोक्यावरून खाली घेऊन.

"म्हणजे हा आठ महिने रिळाइतकाच होता," त्या म्हणाल्या.

"हो. अर्धी छटा माझ्या पदरची."

"अहो, रिळाइतका असणं हेच तर मला हवं होतं. त्याहून गडद कशाला हवाय?" त्यांनी वही परत दिली. "आणि सकाळी फोन केलात ते बरोबरच केलंत. उद्या पुन्हा फिका वाटला, तर पुन्हा करा."

त्यांनी कागद लिहून दिला, भूल द्यायला हरकत नाही. सव्वादहा वाजले होते. मी तिथूनच हाडांच्या दवाखान्यात फोन लावला.

"काकू, तुमची वेळ दुसऱ्यांना दिली," मुलगी म्हणाली. "डॉक्टर आत आहेत. आता थेट पुढच्या शनिवारी. नऊ दिवसांनी."

"काहीच नाही का आधी?"

"नाही ना. नाव लिहू? पेशंट बटण. मागचा डावा." टकटक ऐकू आली. "आधी काही आजार?"

मी फोन कानापासून जरा लांब धरला. बटणकडे पाहिलं. तो उपाशीपोटी सासूबाईंची चप्पल चाटत होता.

"आहे," मी म्हटलं. "लिहून घ्या."

*

परतीच्या टॅक्सीत सासूबाई झोळीची कड चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "मी ते रीळ घ्यायला नको होतं."

"मीच म्हटलं कुठलाही."

"म्हटलंस खरं," त्या म्हणाल्या, "पण माझ्याकडे बघून म्हटलं नव्हतंस."

बटणचे कान मी कुरवाळत राहिले, ते दोघींच्या मध्ये होते.

घरी आल्यावर त्याने उपासाची पूर्ण वसुली केली. चार पॅंटींचं गिऱ्हाईक येऊन गेलं आणि बाकावर केस आहेत म्हणून उभंच राहिलं. दुपारभर मी काहीच धड केलं नाही. नऊ दिवस. नऊ दिवस त्या दांड्यांमागे, नऊ दिवस जिना, नऊ दिवस तो मला असा बघणार की कोंडायची कल्पना माझीच. आणि ती होतीच.

संध्याकाळी मी खिळ्यावर काही नाही हे बघून रीळ पुन्हा लावायला गेले, आणि थांबले. डब्यातच ठेवायचं, अंधारात, आणि सकाळी तेवढ्यापुरतं काढायचं, हे इतक्या उशिरा सुचलं. खिळा उपटावा म्हणून पक्कड घेऊन मी बाकावर चढले, खिडकीतून सहज कोपऱ्याकडे पाहिलं.

हे येत होते. स्कूटरवर बसून नाही. स्कूटर बंद करून, दोन्ही हातांनी ढकलत, रस्त्याच्या कडेकडेने. वळणापासून आमच्या दारापर्यंत चांगलाच चढ आहे. मध्ये थांबून त्यांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. शेजारच्या इस्त्रीवाल्याने मान हलवून हाक दिली, रोजची असावी तशी. ह्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

दहा-पंधरा मिनिटं. बारा दिवस.

दांड्यांमागे बटणने डोकं उचललं. हॉर्न नाही, इंजिन नाही, पण कान तिकडेच. उठला नाही. शेपूट फरशीवर दोनदा आपटलं.

हे आत आले, श्वास जागेवर आणत. बेचाळीसचं मी फोनवर सांगितलं होतंच. रिळाचं नव्हतं सांगितलं.

"उशीर झाला," मी म्हटलं.

"गर्दी होती रस्त्याला."

"हं." मी पक्कड खाली ठेवली. "अजून नऊ दिवस ढकलावी लागणार. आणि ऑपरेशननंतर दोन महिने."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग दांड्यांपाशी खाली बसले, हात आत घातला. "स्कूटर काय," म्हणाले, "हलकी आहे."

हलकी नाही. मी तीन वेळा ढकलली आहे. मी वही ओढली. गुरुवारच्या पानावरची सकाळची ओळ खोडली नाही. तीच पुन्हा, खाली, लिहिली. रिळाइतका.